पबच्या बोर्डाला उधारी दिली

पुण्याच्या मार्केट यार्डात माझा एक्झॉटिक भाज्यांचा धंदा आहे. ब्रोकोली, झुकिनी, आइसबर्ग, बेसिल, चेरी टोमॅटो. नारायणगाव-मंचरकडच्या शेतकऱ्यांकडून माल येतो, पहाटे चारला टेम्पो भरतो आणि दहाच्या आत हॉटेलांच्या मागच्या दारी उतरतो. पबच्या पुढच्या दारानं मी आयुष्यात दोनदाच आत गेलोय, दोन्ही वेळा पैसे मागायला. एकाच ग्रुपच्या सात पबांच्या मागच्या दारानं माझा ३८ लाख ४० हजारांचा माल आत गेला आणि त्याचे पैसे आले नाहीत. त्यावर मी स्वतःच्या हातानं आणखी १० लाख दिले. लिहायला लाज वाटते, पण यार्डातली दोन पोरं सध्या अशाच एका ग्रुपला माल टाकतायत, म्हणून लिहितो.

सुरुवात २०१८ ची. कोरेगाव पार्कात त्यांचा एकच पब होता. पंधरा दिवसांची उधारी, सोळाव्या दिवशी आरटीजीएस. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा माझे चार लाख अडकले होते आणि मी ते मनातून सोडूनच दिले होते. ५ ऑक्टोबर २०२० ला राज्यात हॉटेल-बार निम्म्या क्षमतेनं उघडले आणि दिवाळीच्या आत त्यांनी माझा रुपयान् रुपया चुकता केला. त्या दिवशी मी घरी पेढे नेले. आप्पा एवढंच म्हणाले, "एकदा दिले म्हणजे कायम देतील असं नाही." मला ते म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं.

मग बालेवाडी, बाणेर, मुंढवा, कल्याणीनगर असं करत २०२३ पर्यंत सात पब झाले. आता कळतं की हा धंदा कसा चालतो. पब नवा असतो तेव्हा शनिवारी दारात रांग लागते. सहा-आठ महिन्यांनी तीच पोरं शेजारच्या नव्या जागी जातात. भाडं, बाउन्सर, डीजे यांचा खर्च मात्र तोच राहतो. मग जुन्याचं भोक बुजवायला नवा पब काढायचा, त्याच्या नावावर नवे पैसे उचलायचे आणि त्यातून जुन्याची देणी भागवायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय जोरात चाललंय. मलाही तसंच वाटत होतं.

उधारी पंधरा दिवसांची महिन्यावर गेली, मग दोन महिन्यांवर. पैसे कधी थांबले असं झालंच नाही, हीच त्यातली मेख. तीन लाखांचं बिल असेल तर एक लाख यायचे आणि त्याच आठवड्यात ऑर्डर वाढायची. शेतकऱ्याला मी आठवड्याच्या आत पट्टीचे पैसे देतो, म्हणजे त्या पबांचा धंदा माझ्या ओव्हरड्राफ्टवर चालला होता. परचेस मॅनेजर वर्षात तीन बदलले. प्रत्येक नवा माणूस म्हणायचा, "जुनं मला माहीत नाही शेठ, आधी स्टेटमेंट मिलान करू." मिलान करण्यात महिना जायचा. एका बारमनकडून कळलं की दारूवाल्या वितरकानं उधारी बंद केलीय, माल रोखीनं येतो. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. ज्याच्या मालावाचून पब एक दिवस चालत नाही, त्यानं हात आखडता घेतला होता आणि मी लेट्यूस टाकत होतो.

कारणं मात्र तयार असायची आणि खरीही असायची. १ नोव्हेंबर २०२३ पासून बारमधल्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला, हे खरं. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला पोर्शेचा अपघात झाला, त्यानंतर एक्साइजनं शहरातल्या पबांवर कारवाई सुरू केली, हेही खरं. फक्त माझी थकबाकी त्याच्या कितीतरी आधीपासून साचत होती, हे कोणी बोलत नव्हतं. मीसुद्धा नाही.

आता दहा लाखांचं. जानेवारी २०२४ मध्ये मालकानं ऑफिसात बोलावलं. चाळिशीचा माणूस, बोलायला गोड. म्हणाला, "भाऊ, तुम्ही आमच्या सुरुवातीपासूनचे. नुसते सप्लायर कशाला राहता? बाणेरच्या नव्या जागेत चार टक्के घ्या." मी एफडी मोडली. घरी सांगितलं ते पैसे गेल्यावर. त्यांच्या सीएच्या पोरानं माझं आधार, पॅन घेतलं, मोबाइलवर आलेले दोन ओटीपी विचारले, एक छोटा व्हिडिओ काढला आणि "डिजिटल सही तयार झाली" म्हणाला. सहीचा पेनड्राइव्ह त्यांच्याच ड्रॉवरमध्ये राहिला. कागद इंग्रजीत होते. चहा चांगला होता.

थकबाकीपोटी पाच-पाच लाखांचे चार चेक दिले होते. तारीख जवळ आली की फोन यायचा, "भाऊ, टाकू नका, आठ दिवस थांबा." मी थांबायचो. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. दोन चेक असेच ड्रॉवरमध्ये मेले.

२०२४ चं गणपती विसर्जन झालं आणि त्या आठवड्यात सातपैकी चार पबांना कुलूप लागलं. उरलेले तीन महिनाभरात. मुंढव्याला मी पोचलो तेव्हा टेम्पोत स्पीकर चढत होते. ते पबचे नव्हतेच, भाड्याचे होते आणि साउंडवाला आपलं सामान वाचवत होता. आम्ही रिकाम्या हातानं उभे होतो. मासळीवाला, चिकनवाला, लाँड्रीवाला, सीसीटीव्हीवाला. लाँड्रीवाल्याकडे त्यांचे दोनशे नॅपकिन होते, वसुली म्हणायची तर तेवढीच.

वकिलाकडे गेल्यावर पहिला प्रश्न आला, "बिलं कोणाच्या नावानं आहेत?" मी सहा वर्षं बोर्डावरच्या नावानं बिलं फाडली होती. त्या नावाची कंपनीच नव्हती. सात पब पाच वेगवेगळ्या फर्ममध्ये होते, काही एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), काही प्रायव्हेट लिमिटेड. नावाचा ट्रेडमार्क मालकाच्या नातेवाइकाचा. दारूचं एफएल-३, म्हणजे बारचं लायसन्स तीन ठिकाणी मूळ हॉटेलवाल्याचं, हे लोक कंडक्टिंगवर, म्हणजे करारानं चालवायला घेऊन, चालवत होते. किचनचं सामान बँकेकडे तारण. लायसन्स प्रत्येक बारमध्ये फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं, त्यावर नाव असतं. कंपनीवर कोणत्या बँकेचा बोजा आहे तेही कंपनी मंत्रालयाच्या साइटवर दिसतं. मी यातलं काहीच कधी वाचलं नव्हतं.

दिवाळखोरी कायद्याचं ऐकून होतो. पण पुरवठादाराला त्यात जायचं तर एकाच कंपनीकडे किमान १ कोटीचं घेणं लागतं. आधी ही मर्यादा १ लाख होती, २४ मार्च २०२० ला वाढवली. माझी सगळ्यात मोठी रक्कम एका फर्मकडे ११ लाख. वकील म्हणाले, आपली सगळ्यांची घेणी एकत्र बांधून अर्ज करता येत नाही. मग मी उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं, प्रमाणपत्र काढून दाखवलं. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, हे मी ऐकलं होतं. ते उत्पादन करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला. माझ्यासारख्या व्यापाऱ्याला २ जुलै २०२१ पासून उद्यममध्ये घेतलंय, पण फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. लाँड्रीवाला सेवा देणारा, त्याची उद्यम नोंदणी २०२१ पासूनची. त्याची तक्रार लघुउद्योगांच्या थकबाकीसाठी असलेल्या समाधान पोर्टलवर गेली. मी ते प्रमाणपत्र फ्रेम करून गाळ्यात लावलं होतं.

पोलिसांत म्हणाले, हे दिवाणी आहे. फसवणुकीचं जुनं कलम ४२० घ्या किंवा १ जुलै २०२४ पासूनचं ३१८, पहिल्या दिवसापासून फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. आणि त्यांनी तर २०२० मध्ये माझे पैसे चुकते केले होते. माझा विश्वास जिथून बसला, तोच पुरावा त्यांच्या बाजूनं उभा राहिला.

हाताशी राहिले ते दोन जिवंत चेक. बँकेत टाकले, "खातं बंद" म्हणून परत आले. खातं बंद असलं तरी १३८, म्हणजे चेक न वटल्याचं कलम, लागतं. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर त्यांना १५ दिवस, तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. यातली एक तारीख हुकली तरी केस अडचणीत येते. या दोन चेकच्या दहा लाखांची केस चालू आहे. बाकीच्यासाठी दिवाणी दाव्याची तयारी आहे. मुदत तीन वर्षांची, त्यात व्यापारी दाव्याआधी मध्यस्थीची पायरी आहे. मालकानं व्हॉट्सॲपवर "तुमचे ३८ लाख देतो" असं लिहिलेले मेसेज मी जपून ठेवलेत, वकिलानं त्यावर पहिल्यांदा होकाराची मान हलवली.

आता गाळ्यात नियम असा आहे की नव्या गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकायचा, त्यावर जे कायदेशीर नाव येतं तेच बिलावर. चलनावर सही आणि शिक्का दोन्ही. उधारीची मर्यादा पोरगा ठरवतो, मी नाही, कारण मला "भाऊ" म्हटलं की मी विरघळतो. आणि "दोन दिवस थांबा" म्हणणाऱ्याचा चेक मी त्याच दिवशी टाकतो.

बाणेरच्या जागेत घातलेले ते दहा लाख तर कुठल्याच यादीत नाहीत. ते कर्ज नव्हतं, भांडवल होतं. सगळ्यांची देणी भागून काही उरलं तर भागीदाराची पाळी. आणि मी साधा भागीदारही नव्हतो. मागच्या महिन्यात घरी पत्र आलं तेव्हा कळलं की त्यांनी मला 'डेझिग्नेटेड पार्टनर', म्हणजे कायद्यानं जबाबदार भागीदार, करून ठेवलंय. पत्रात होतं, बाणेरच्या एलएलपीचा फॉर्म ११ (वार्षिक विवरण) आणि फॉर्म ८ (हिशेब) भरलेला नाही, खुलासा करा. वकील म्हणाले, आधी ती डिजिटल सही रद्द करून घ्या. त्याच सहीनं आणखी काय काय भरलंय ते आता फी भरून एकेक कागद काढून बघतोय. आत्तापर्यंत सात निघाले. सहाव्यावर भाडेकराराची हमी आहे, खाली माझं नाव.