अथेन्सचं अगोरा संग्रहालय : निवडणुकीची ड्यूटी केलेल्यांनी चुकवू नये असं

अक्रोपोलिस बघून पाय दुखत असले तरी खाली अगोरात, म्हणजे प्राचीन अथेन्सच्या बाजारचौकात, उतराच. संग्रहालय अगोराच्याच तिकिटात आहे. इमारत म्हणजे खांबांची लांबलचक ओसरी, 'अत्तालोसचा स्टोआ'. मूळची इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, 1950च्या दशकात पुन्हा उभी केलेली. पुतळे आहेत, मडकी आहेत. ती मी भरभर पाहिली.

मी थांबले ती एका फुटक्या संगमरवरी दगडापाशी. हे क्लेरोटेरिऑन, म्हणजे सोडत काढायचं यंत्र. त्यात रांगांनी खाचा आहेत. न्यायदानाला बसू इच्छिणाऱ्यांच्या नावाच्या पट्ट्या तिथं खोचायच्या आणि बाजूच्या नळीत काळे-पांढरे गोटे सोडायचे. पांढरा आला तर ती आडवी रांग आज बसणार, काळा आला तर घरी जाणार. कोण बसणार हे त्याच सकाळी ठरायचं, मग लाच द्यायची कुणाला आणि कधी? निवडणुकीत आम्हा कर्मचाऱ्यांची सरमिसळ करतात आणि कुठलं केंद्र ते अगदी शेवटी सांगतात, त्यामागेही हाच विचार आहे.

शेजारी मतं द्यायच्या काशाच्या चकत्या आहेत. मधला दांडा भरीव असेल तर आरोपी निर्दोष, पोकळ असेल तर दोषी. दांड्याची दोन्ही टोकं बोटांत धरली की कुठली चकती टाकली ते शेजाऱ्याला दिसत नाही. गुप्त मतदानाची इतकी साधी आणि पक्की सोय पाहून मला खरोखर भरून आलं.

खापऱ्याही नीट बघा. नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव खापरीवर खरडायचं. किमान 6000 खापऱ्या पडल्या तर एकाला दहा वर्षं हद्दपारी. थेमिस्तोक्लीसच्या नावाच्या 190 खापऱ्या एकाच विहिरीत सापडल्या, आणि अक्षर मात्र मोजक्याच लोकांचं. म्हणजे वाटायला आधीच लिहून ठेवलेल्या! पोलिंग एजंटांवर नजर ठेवलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

बाहेर थोलोस या गोल इमारतीचा पायाही चुकवू नका. क्लेइस्थेनीस या अथेन्सच्या पुढाऱ्यानं इ.स.पू. 508च्या सुमारास लोकांचे दहा गट पाडले. प्रत्येकातून चिठ्ठीनं 50 जण, अशी 500 जणांची परिषद. ज्या गटाची पाळी चालू असेल त्याचे 50 जण थोलोसमध्ये जेवायचे, काही रात्रीही तिथंच राहायचे. त्यांचा अध्यक्ष एका दिवसापुरता. खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याची मोहोर त्याच्याकडे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे.

यात बायका नव्हत्या, गुलाम नव्हते, बाहेरून येऊन वसलेले नव्हते. मुलांना घेऊन गेलात तर हे त्याच काचपेटीपुढे सांगा, मागाहून नको. आमच्या संविधानानं पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत बायकांनाही मत दिलं, हे मी तिथं शेजारच्या पर्यटकाला अभिमानानं सांगितलं.

दोन तास ठेवा, उन्हाळ्यात सकाळीच जा. आणि निघताना जवळच्या प्निक्स टेकडीवर चढा. नागरिकांची सभा तिथं भरायची. वक्त्यानं उभं राहायचा कोरीव खडक अजून जागेवर आहे.