आज्ञापालनावरील अभ्यासवही: पाठ उत्तम, तक्ते घातक

देवाच्या आज्ञेत राहणे आणि विश्वासात हळूहळू शिरणारी तडजोड ओळखणे, एवढ्या एकाच विषयाला वाहिलेली ही सहा आठवड्यांची अभ्यासवही आमच्या गटातील आठ जणांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वापरली. रोज एक शास्त्रवाचन, त्यावर तीन प्रश्न, उत्तरासाठी मोकळी जागा आणि आठवड्याच्या अखेरीस एक तक्ता, अशी तिची मांडणी आहे. सोबत दर आठवड्याला एक ध्वनिमुद्रित प्रवचनही मिळते. प्रकाशकाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे जी तक्रार नोंदवली आहे ती या एका वहीपुरती नाही.

पहिल्या आठवड्यानेच वहीबद्दलचा माझा विश्वास वाढवला. तडजोड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उघड मूर्तिपूजा किंवा ढळढळीत पाप येते. लेखकाने मात्र बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 8व्या आणि 10व्या अध्यायांतील चार प्रस्ताव ओळीने मांडले आहेत. इस्राएल लोकांना उपासनेसाठी जाऊ द्या, या मोशेच्या मागणीवर मिसरचा राजा फारो याने ते पुढे केले होते. याच देशात राहून यज्ञ करा. जा, पण फार दूर जाऊ नका. फक्त पुरुषांनी जावे. सगळे जा, पण गुरेमेंढरे येथेच ठेवा. यांतील एकही प्रस्ताव उपासनेला सरळ नकार देत नाही, आणि प्रत्येक प्रस्ताव आधीच्यापेक्षा अधिक उदार वाटतो. चौथ्या प्रस्तावाला मोशेने दिलेले उत्तर, की एक खूरही मागे राहणार नाही, आजवर मला त्याचा हट्टीपणा वाटत असे. चारही प्रस्ताव शेजारी शेजारी वाचल्यावर त्या खुराचे मोल कळले.

दुसऱ्या आठवड्यातील, इस्राएलचा राजा शौल याच्यावरचा पाठ हा या वहीचा कळस आहे. अमालेक्यांचा आणि त्यांच्या गुराढोरांचा समूळ नाश करण्याची आज्ञा असताना त्यांच्या राजाला, अगागाला, जिवंत ठेवून आणि उत्तम गुरेमेंढरे राखून शौल परत येतो आणि संदेष्टा शमुवेल दिसताच आपण परमेश्वराची आज्ञा पाळली असल्याचे स्वतःहून सांगतो. येथे वहीतला प्रश्न असा आहे: शौल खोटे बोलत होता का? आमच्या गटात या एका प्रश्नावर तासभर वाद झाला. माझे मत असे, की तो खोटे बोलत नव्हता. बहुतेक काम झाले होते, उरलेल्यासाठी यज्ञाचे धार्मिक कारण तयार होते, आणि आपण आज्ञाधारक आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. मेंढरांचे बेंबावणे शमुवेलाला ऐकू आले, शौलाला नाही. 'लोकांनी आणले' म्हणत तो जबाबदारी टाळतो, आणि बऱ्याच उशिरा, 1 शमुवेल 15 च्या 24व्या वचनात, आपण लोकांना भ्यालो हे कबूल करतो. मंडळीत पंच म्हणून बसणाऱ्या प्रत्येकाने हा पाठ वाचावा.

शलमोनावरचा पाठ त्या मानाने साधा आहे. सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी या आकड्यांवरच तो रेंगाळतो. अनुवाद या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात राजाने घोडे, बायका आणि सोनेरुपे वाढवू नये अशी तिहेरी ताकीद आहे, आणि राण्यांचा उल्लेख येण्याआधीच 1 राजे 10 मध्ये मिसरातून आणलेले घोडे व सोन्याच्या ढिगांचे वर्णन आहे, हा दुवा लेखकाच्या हातून निसटला आहे.

इतिहासाचा एकच पाठ आहे, पण तो निवडलेला नेमका आहे. इ.स. 250 मध्ये रोमी सम्राट डेशियस याने सर्वांनी देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. अशा दाखल्यांचे पपायरस इजिप्तमध्ये सापडले आहेत. काही ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी बळी न देता पैसे देऊन केवळ दाखला मिळवला. हात स्वच्छ, कागद खोटा. अशांना मंडळीत परत कसे घ्यावे, हा प्रश्न कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्यापुढे आला. छळाच्या काळात तो स्वतः लपून राहिला होता आणि पुढे 258 मध्ये त्याने विश्वासासाठी प्राण दिला. म्हणजे संकटातून बाजूला होणे आणि विश्वासाशी प्रतारणा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लेखकाने उपदेश न करता दाखवून दिले आहे.

आता तक्त्यांविषयी. प्रार्थना, वाचन, उपवास, संयम, साक्ष अशा रकान्यांत रोज खूण करायची आणि आठवड्याची बेरीज काढायची, ही कल्पना वहीच्या मूळ शिकवणीलाच छेद देते. शौलाच्याच आठवड्यात, शनिवारी रात्री, मी पाच दिवसांच्या खुणा एका बैठकीत, एकाच शाईने केल्या आणि बेरीज चांगली आली म्हणून समाधानाने झोपलो. सकाळी वही उघडल्यावर मेंढरांचे बेंबावणे मलाही ऐकू आले. बेरीज पाहून ज्याला स्वतःविषयी शंका येत नाही अशा माणसाचे हा तक्ता नुकसान करतो, आणि ज्याची बेरीज कमी येते त्याला निराश करतो. शिष्य पेत्राने येशूची ओळख नाकारल्यानंतर प्रभूने त्याला किनाऱ्यावर पुन्हा कसे बोलावले, या प्रसंगाला वहीत जेमतेम अर्धे पान मिळाले आहे. पडलेल्याने उठावे कसे, हे तेवढ्यात सांगून होत नाही.

दुसरी उणीव चौथ्या आठवड्यात आहे. जगापासून वेगळे राहण्याच्या उत्साहात लेखक करमणूक, पोशाख आणि सण यांच्याविषयी आपली मते आज्ञा म्हणून मांडतो. खाणेपिणे आणि सणवार यांवरून एकमेकांना दोषी ठरवू नये असे सांगणाऱ्या रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायाचा तेथे उल्लेखही नाही. बाबेलची विद्या आणि बाबेलमध्ये मिळालेले नाव दानीएलाने नाकारले नाही, राजाच्या ताटातले अन्न मात्र नाकारले. त्याने रेघ नेमकी तेथेच का ओढली, हा प्रश्न या आठवड्याचा गाभा व्हायला हवा होता. रिम्मोनाच्या देवळात राजाला हाताचा आधार देताना वाकावे लागेल, त्याची क्षमा व्हावी, असे विचारणाऱ्या नामानाला, इस्राएलच्या देवाकडे वळलेल्या अरामी सेनापतीला, संदेष्टा अलीशाने 'शांतीने जा' एवढेच म्हटले. ज्यांची नोकरी किंवा घर रोज अशा पेचात टाकते, त्यांच्यासाठी हा उतारा अनिवार्य होता.

प्रवचनांचे ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, पण त्यांत वहीचाच मजकूर वाचून दाखवला आहे. ती वगळली तरी चालतील. कागद आणि छपाई चांगली. एकट्याने वापरण्यापेक्षा गटात वापरावी, कारण तिचे बळ प्रश्नांत आहे आणि ते प्रश्न दुसऱ्या कोणी आपल्याला विचारावे लागतात. पुढच्या गटासाठी आम्ही हीच वही घेतली आहे. सहाही तक्त्यांवर कोरे कागद चिकटवले आहेत, आणि चौथ्या आठवड्यात वही बंद ठेवून रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय व नामानाची कथा वाचायची असे ठरले आहे.