आधी पिल्लाची आई दाखवा – पर्शियन मांजर घेतानाचा आमचा अनुभव

पाच महिने थांबून आणि ३५ हजार देऊन पर्शियन पिल्लू आणलं, आता ते सात महिन्यांचं झालंय, खातंपितं धडधाकट आहे, म्हणून आता रिव्ह्यू लिहितेय. ज्या ताईंकडून आणलं त्या सासवड रोडला राहत्या घरातच कॅटरी चालवतात, म्हणजे जातीची मांजरं पाळून त्यांची पिल्लं देतात. नाव टाकत नाहीये कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलं, लोक फोन न करता नुसती मांजरं बघायला येऊन उभे राहतात आणि व्यायलेल्या मांजरीला त्याचा फार त्रास होतो.

आधी थोडं मागचं सांगते. आमचा पहिला बोका पण पर्शियनच, नवव्या वर्षी किडनीने गेला. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठीच गाठी. डॉक्टर म्हणाले पीकेडी आहे, पर्शियनमध्ये वंशातून येतो हा आजार, आई किंवा बाप एकाला जरी असला तरी प्रत्येक पिल्लाला यायचा चान्स निम्मा, आणि गालाच्या आतून काडीवरचा कापूस फिरवला की डीएनए टेस्टमध्ये कळतं. एवढी साधी टेस्ट, आणि त्याला घेताना आम्हाला कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. शेवटचे दोन महिने रोज त्याला सलाईन लावायला न्यायचो, लेक त्याचा पंजा धरून बसायची. तेव्हाच ठरवलं की पुढचं मांजर आणायचं तर आई-बापाची टेस्ट बघूनच आणायचं.

आणि एवढं ठरवूनही आम्ही फसलो. इन्स्टावर एक पेज होतं, सुंदर फोटो, डॉल फेस (साधं नाक) आणि पंच फेस (चपटं नाक) दोन्ही, 'ट्रिपल कोट', किंमत ९,००० आणि वर 'केसीआय पेपरसकट'. नंतर कळलं की केसीआय म्हणजे केनेल क्लब, तिथे कुत्र्यांची नोंद होते, मांजराचे पेपर तिथून येतच नाहीत. आणि ट्रिपल कोट वगैरे पण विकणाऱ्यांचंच बोलणं, पर्शियनला दोनच थर असतात केसांचे. मी पीकेडी टेस्टचं विचारलं तर उत्तर आलं 'येस मॅम ऑल व्हॅक्सिन डन', मी लसीचं विचारलंच नव्हतं, तिथेच थांबायला हवं होतं. पिल्लाच्या आईचा व्हिडिओ मागितला तर आई गावाला आहे म्हणे. तरी लेकीचा वाढदिवस जवळ आलेला म्हणून ४,००० ॲडव्हान्स जीपे केले, मग 'पिल्लू ट्रेनला चढवलंय, पिंजऱ्याचं डिपॉझिट ६,५०० द्या, परत मिळणार', ते पण दिले, मग इन्शुरन्सचे मागायला लागला तेव्हा नवऱ्याने तो फोटो गूगल लेन्समध्ये टाकला आणि तेच पिल्लू, तीच निळी उशी, परदेशातल्या एका कॅटरीच्या पेजवर निघालं. १०,५०० गेले. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदवली, पण आम्ही तीन दिवस तो परत करेल या आशेवर घालवले होते. लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, तेव्हा कुणाचं असं झालं तर त्याच मिनिटाला फोन करा.

त्यानंतर एका दुकानात गेलो. काचेच्या खोक्यात पाच आठवड्यांची पिल्लं, डोळ्यांतून पाणी. २०१८ च्या पेट शॉप नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही असं स्पष्ट आहे. लसीचं कार्ड दाखवलं तर त्यावर पेनाने तारीख, बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकरच नाही. आई कुठेय विचारलं तर 'फार्मवर'. सासूबाई सोबत होत्या, त्या म्हणाल्या अगं एवढंसं लेकरू आईपासून तोडलंय, चल इथून. निघालो.

मग डॉक्टरांनाच विचारलं की तुमच्याकडे कोणाची मांजरं वर्षानुवर्षं धड येतात, त्यांनी या ताईंचा नंबर दिला. माझ्या मते हाच सगळ्यात चांगला रस्ता, कारण आजारी पिल्लं कोणाकडून येतात ते डॉक्टरला बरोबर माहीत असतं.

पहिला फोन चाळीस मिनिटं. माझे प्रश्न वहीत लिहून ठेवलेले, पण त्यांचेच संपेनात. खिडक्यांना जाळी आहे का, दिवसभर घरी कोण, रोज विंचरणार कोण, आधीचं मांजर कशाने गेलं. बोक्याचं सांगितलं तर थोडा वेळ गप्प झाल्या आणि म्हणाल्या, 'आधी जाळी बसवून फोटो पाठवा, मग बोलू.' पैशाचा विषयच नाही. जाळी बसवली, फोटो पाठवला, तेव्हा वेटिंगला नाव लागलं.

पिल्लं नऊ आठवड्यांची झाली, पहिली लस झाली, तेव्हा बोलावलं. सांगून ठेवलेलं की त्या दिवशी दुसऱ्या मांजरांकडे जाऊन येऊ नका आणि धुतलेले कपडे घाला, कारण पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू चपला-कपड्यांवरून येतो, महिनोन्महिने टिकतो आणि लहान पिल्लं त्याने पटापट जातात. दारात चपला, हातपाय धुऊन मग आत. वास म्हणाल तर घरात उदबत्तीचा. हॉलच्या कोपऱ्यात पिल्लं आणि मधे त्यांची आई, पांढरी, तीन वर्षांची. ती उठून आली, माझा हात हुंगला आणि सासूबाईंच्या मांडीवर जाऊन बसली. पिल्लं पण लपली नाहीत, आईच्या मागोमाग आली. ताईंनी आईचा पीकेडी रिपोर्ट समोर ठेवला, मी वाचायला लागले तर म्हणाल्या थांबा, नुसता कागद बघू नका, आणि स्कॅनर आणून तिच्या मानेवर फिरवला, मायक्रोचिपचे पंधरा आकडे आले, ते त्यांनी मला रिपोर्टवरच्या आकड्यांशी एकेक करून जुळवायला लावले. पिल्लांच्या बापाचं पण तसंच. दोघंही निगेटिव्ह. मला तिथे रडूच आलं, खरं सांगते. त्यानंतर ५,००० ॲडव्हान्स, सहीची पावती.

पेपर वर्ल्ड कॅट फेडरेशनला जोडलेल्या क्लबचे आहेत. ताईंनीच समजावलं की पेडिग्री म्हणजे आजोबा-पणजोबा कोण ते, तब्येतीची गॅरंटी नाही, त्यासाठी टेस्ट वेगळीच बघायची. करारात लिहिलंय की तीन दिवसांत आपल्या डॉक्टरकडून तपासून घ्या, काही निघालं तर पैसे परत, आणि कधीही सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू परत त्यांच्याकडेच, दुसऱ्याला द्यायचं नाही.

तक्रारी पण आहेत. फोन दिवसा उचलत नाहीत, मेसेजला उत्तर रात्री दहानंतर. आम्हाला क्रीम रंग हवा होता, मिळाला पांढरा. भाव अजिबात कमी करत नाहीत, घरपोच देत नाहीत. ३५ हजार सगळ्यांना झेपणारे नाहीत, आणि फक्त घरात माऊ हवी असेल तर गल्लीतल्या देशी पिल्लाला घर द्या, ती पण तितकाच लळा लावते.

तेराव्या आठवड्यात पिल्लू घरी आलं, दोन लसी आणि रेबीजचं इंजेक्शन झालेलं, कार्डावर सगळी स्टिकरं, म्हणून महापालिकेच्या मांजर पाळायच्या लायसन्सला पण अडचण आली नाही. सोबत दहा दिवसांचं तेच खाणं, शी-शूची तीच वाळू (लिटर) आणि आईच्या अंगाखालचा जुन्या साडीचा तुकडा. पहिल्या रात्री त्या तुकड्यावरच झोपली. पुढच्या महिन्यात तिची नसबंदी आहे, ताई रोज विचारतात तारीख ठरली का म्हणून, त्याचं सर्टिफिकेट पाठवलं की मूळ पेडिग्री हातात देणार असं ठरलंय.