एकाच वास्तुकाराचे मैदान आणि तलाव: बुडापेस्टमधील वॉटर पोलोच्या फेरीविषयी

बुडापेस्टला येणारे आपल्याकडचे प्रवासी बहुधा डॅन्यूबवरची रात्रीची बोट, संसदभवन आणि एखादे गरम पाण्याचे स्नानगृह एवढे उरकून व्हिएन्नाची गाडी धरतात. आमच्या हाताशी एक सकाळ शिल्लक होती आणि माझी शाळेची बरीच वर्षे पोहण्याच्या तलावात गेलेली असल्यामुळे, एका लहानशा स्थानिक संस्थेतर्फे चालवली जाणारी वॉटर पोलोच्या, म्हणजे पाण्यात पोहत खेळायच्या चेंडूच्या खेळाच्या, इतिहासाची फेरी मी घरच्यांच्या नाराजीकडे दुर्लक्ष करून नोंदवून टाकली. साडेतीन तासांची ही फेरी इंग्रजीतून होते, आमच्या तुकडीत सात जण होते आणि शुल्क दोन माणसांच्या साध्या जेवणाएवढे पडले. फुटबॉलसाठी प्रसिद्ध असलेल्या एका क्लबच्या वॉटर पोलो विभागाची घडण दाखवणे हा या फेरीचा जाहीर केलेला विषय आहे आणि तो क्लब म्हणजे उयपेष्ट.

सुरुवात भुयारी रेल्वेच्या एम ३ मार्गावरील उयपेष्टच्या शेवटच्या स्थानकावर होते. आमचा मार्गदर्शक पाऊण तास उशिरा आला आणि त्याबद्दल त्याने दिलगिरीचा शब्दही काढला नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. मात्र तेथून मेद्येरी रस्त्यावरच्या फुटबॉल मैदानापर्यंत जाताना त्याने जे सांगितले, त्याने माझा राग निम्मा उतरला. उयपेष्ट १९५० पर्यंत बुडापेस्टचा भाग नव्हते, ते स्वतंत्र गाव होते आणि तेथे १८८५ मध्ये स्थापन झालेली संस्था ही मुळात व्यायामशाळा होती. फुटबॉल तिच्यात नंतर आला. म्हणजे आज आपण ज्याला ‘फुटबॉल क्लबचा वॉटर पोलो विभाग’ म्हणतो, त्यात फुटबॉल हा थोरला भाऊ आणि पोहणे हे शेंडेफळ, असे नाते नव्हते. दोघेही एकाच तालमीच्या अंगणात वाढले आणि दोघांच्याही अंगावर तोच जांभळा-पांढरा रंग चढला. आपल्याकडच्या जिमखान्यांची रचना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मैदान आम्हाला बाहेरूनच पाहावे लागले. माहितीपत्रकात ‘मैदानाला भेट’ असे छापलेले असताना कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभे राहणे ही फसवणूक नसली तरी हातचलाखी नक्कीच आहे. पण या जाळीपाशीच फेरीतली सर्वात मोलाची गोष्ट सांगितली गेली. १९२२ मध्ये खुले झालेले हे मैदान आल्फ्रेद हायोश यांनी आखले होते. हायोश हे १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या दोन शर्यती जिंकणारे हंगेरीचे पहिले ऑलिंपिक विजेते. त्या शर्यती तलावात नव्हे, तर पिरेयस बंदराजवळच्या थंडगार समुद्रात झाल्या होत्या. ते तेरा वर्षांचे असताना त्यांचे वडील डॅन्यूबमध्ये बुडाले. पुढे ते फुटबॉलही खेळले, १९०२ मध्ये हंगेरीच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात ऑस्ट्रियाविरुद्ध उतरले, आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कलास्पर्धेत एका क्रीडासंकुलाच्या आराखड्यासाठी रौप्यपदक घेऊन गेले. या माणसाने उयपेष्टला मैदान दिले आणि आठ वर्षांनी डॅन्यूबमधल्या मार्गारेट बेटावर बंदिस्त तलाव बांधला. तो तलाव उभा राहिला त्याच १९३० साली उयपेष्टच्या फुटबॉल संघाने आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि त्याच दशकात क्लबच्या वॉटर पोलो संघाने देशाचे अजिंक्यपद जवळजवळ घरचेच करून टाकले. छप्पर असलेला तलाव मिळाल्यावर हिवाळा सरावाआड येईनासा झाला, हे कारण मार्गदर्शकाने दिले आणि ते मला पटले.

यानंतर मात्र फेरी घसरते. ट्रॅममधून मार्गारेट पुलाकडे जाताना मार्गदर्शकाने ऑलिंपिकचे आकडे शाळेतल्या पाढ्यांसारखे म्हटले: १९२८ मध्ये अंतिम सामन्यात जर्मनीकडून हार, १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला सुवर्ण आणि जपानवर १८-० असा विजय, १९३६ मध्ये बर्लिनला जर्मनीशी २-२ अशी बरोबरी होऊनही गोलांच्या सरासरीवर पुन्हा सुवर्ण. हे सारे खरे आहे. पण ते देशाच्या संघाचे आहे आणि कोणत्याही क्रीडाकोशात सापडते. यानोश नेमेत, मार्तोन होमोन्नई आणि ओलिवेर हालाशी हे त्या संघांचे कणा असलेले खेळाडू उयपेष्टचे होते, एवढे सांगून क्लबकडे परत येण्याची सोय होती. ती त्याने वाया घालवली. हालाशींविषयी मलाच विचारावे लागले. त्यांचा जन्म उयपेष्टचाच. लहानपणी ट्रॅमच्या अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. ज्या खेळात तळाला पाय न लावता, केवळ पायांच्या फिरकीवर छातीपर्यंत वर उठून चेंडू फेकायचा असतो, त्यात हा गृहस्थ तीन ऑलिंपिक खेळला आणि वर १९३१ च्या पॅरिसमधील युरोपीय स्पर्धेत १५०० मीटरची शर्यतही जिंकून आला. १९४६ मध्ये बुडापेस्टमध्ये त्यांचा खून झाला. ट्रॅमच्या खडखडाटात हे ऐकताना आमच्यापैकी कुणी काही बोलले नाही.

बेटावरच्या तलावाला आज हायोश यांचेच नाव आहे. आत प्रवेशाचे पैसे वेगळे घेतले जात नाहीत आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसून सराव पाहता येतो. खाली बारा-तेरा वर्षांची मुले दोन्ही हात डोक्यावर धरून नुसत्या पायांवर तरंगत होती आणि ज्याची कोपरे पाण्याला लागतील त्याच्या नावाने प्रशिक्षक शिटी फुंकत होता. मार्गदर्शकाने येथे पिशवीतून दोन चामडी चेंडू काढले, एक कोरडा आणि एक सकाळपासून बादलीत भिजत ठेवलेला. भिजलेला हातात घेतला तेव्हा तो ओल्या गोणपाटासारखा जड आणि बुळबुळीत लागला. एका हाताने झेलायला गेलो तर निसटून थेट माझ्या बुटावर आपटला. पूर्वी चेंडू असाच चामड्याचा असे, पाणी पीत जाई आणि खेळ पुढे सरके तसा जडावे. शिवाय १९४९ पर्यंत नियमच असा होता की शिटी वाजली की खेळाडूंनी होते तेथेच थांबायचे. अशा सुस्त खेळात चेंडू पाण्यात न टाकता हवेतूनच हातातून हातात देण्याची शिस्त हंगेरीच्या संघाचे प्रशिक्षक बेला कोम्यादी यांनी लावली आणि तिने हंगेरीचा खेळ बदलला. हे वाक्य मी पूर्वी वाचले होते, पण त्याचा अर्थ बूट भिजल्यावर कळला. या वीस मिनिटांसाठी मी शुल्क पुन्हा भरायला तयार आहे.

शेवटचा टप्पा पूल ओलांडून बुडा बाजूला, चासार स्नानगृहाशेजारी १९७६ मध्ये उघडलेल्या आणि कोम्यादींचे नाव दिलेल्या तलावापाशी संपतो. खेळाडू त्यांना ‘कोमी बाची’ म्हणत. ‘बाची’ म्हणजे आपला काका. लॉस एंजेलिसच्या सुवर्णानंतर वर्षभरातच, १९३३ मध्ये, ते गेले. येथे घाई झाली, कारण सकाळचा उशीर कुठेतरी भरून काढायचा होता.

सर्वात मोठी उणीव म्हणजे मार्गदर्शकाने फेरेन्त्सवारोशचे नावही काढले नाही. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा हा प्रतिस्पर्धी क्लब १८९९ चा, त्याचा जलविभाग १९०४ चा, आणि १९१० ते १९१३ अशी सलग चार अजिंक्यपदे त्याने उयपेष्टच्या उदयाच्या कितीतरी आधी जिंकली होती. १८९९ मध्ये बालाटन तळ्याकाठी शिओफोकला हंगेरीतला पहिला सामना झाला, तेथपासून हायोशांच्या तलावापर्यंतची मधली तीस वर्षे या क्लबाशिवाय सांगताच येत नाहीत. मार्गदर्शक उयपेष्टचा कट्टर पाठीराखा असल्याचे नंतर कळले आणि मग त्या मौनाचा उलगडा झाला.

ज्यांना नुसती छायाचित्रे काढायची आहेत त्यांनी या वाटेला जाऊ नये. ज्यांच्या घरात कुणी पोहणारे मूल आहे त्यांनी जरूर जावे, मात्र शाळांना सुट्टी नसलेला दिवस आधी विचारून घ्यावा, कारण सराव नसेल तर तलाव म्हणजे नुसते पाणी. मैदान आतून पाहायला मिळणार का, हेही नोंदणीपूर्वी लेखी विचारावे. आणि चामडी बूट घालून जाऊ नये. माझे वाळायला दोन दिवस लागले.