गाडी विकली, पैसे मिळाले, आणि अपघाताचा दावा आप्पांच्या नावावर आला

खासगीत गाडी विकणार असाल, किंवा गेल्या काही वर्षांत विकली असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा ही विनंती. आमच्या घरात सध्या जे चाललंय ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय. दावा चालू आहे, त्यामुळे माणसांची आणि गावांची नावं घालत नाही.

वडिलांची, म्हणजे आप्पांची, पेट्रोल डिझायर होती. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, एकहाती वापरलेली, सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या फाइलला लावलेल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि विकायचं ठरवलं. मी नोकरीनिमित्त पुण्यात, आईआप्पा गावी. ऑनलाइन जाहिरात टाकल्याबरोबर दलालांचे फोन सुरू झाले. आप्पा सगळ्यांना एकच सांगत होते, "दलालाला द्यायची नाही, घरी वापरणाऱ्यालाच द्यायची."

शेवटी ज्याने गाडी घेतली त्या माणसाने नेमकं हेच पकडलं. रविवारी सकाळी तो बायको आणि लहान मुलीला घेऊन आला. आप्पांच्या पाया पडला. आईने चहा केला, मुलगी मागच्या सीटवर बसून बिस्किटं खात राहिली. त्याने ऑइलची पट्टी काढून पुसून पाहिली, दाराचं रबर थोडं सोडवून आतल्या पत्र्याला ठोकाठोक झालीय का ते तपासलं, आणि मग उकिडवा बसून चारही टायरांवरचे बारीक चार आकडे वाचले. टायर कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनलाय ते त्या आकड्यांवरून कळतं. रोज जुन्या गाड्या घेणारा-विकणारा माणूस ते न चुकता बघतो. तो दलालच होता, बायकोमुलीला पुढे करून आलेला.

सौदा 3 लाख 40 हजारांना ठरला आणि सगळी रक्कम आरटीजीएसने आप्पांच्या खात्यात जमा झाली. एक रुपया बाकी ठेवला नाही. गाडी विकताना आपली भीती पैसे बुडण्याची असते. पैसे खात्यात दिसले की माणूस सैल होतो, आणि पुढचं सगळं त्या सैलपणावर चालतं.

पुढचं म्हणजे फॉर्म. मालकी हस्तांतरासाठी फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30 लागतो. विकणाऱ्याच्या जागी आप्पांच्या सह्या झाल्या, घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी राहिली. त्याचं म्हणणं असं, "आप्पा, गाडी हिच्या नावावर करायची की माझ्या ते बँकेत विचारून ठरवतो. तुम्हाला या वयात आरटीओत कशाला हेलपाटे? माझा एजंट आहे, आठ दिवसांत नाव चढेल." आप्पांनी आयुष्यभर शब्दावर व्यवहार केले आहेत. त्यांच्या भल्या स्वभावाचा कुणीतरी असा वापर केला याचा मला आजही संताप येतो.

कोऱ्या सह्यांचा सेट दलालाला का हवा असतो ते नीट समजून घ्या. गाडी त्याच्या नावावर चढली की आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, मालकाचा क्रमांक एकने वाढतो. 'फर्स्ट ओनर' गाडीला जो भाव येतो तो 'सेकंड ओनर'ला येत नाही. शिवाय हस्तांतराची फी आणि खटपट वाचते. म्हणून तो स्वतः कागदावर कुठेच येत नाही. गाडी आणि कोरा सेट दोन्ही पुढच्या गिऱ्हाइकाला देतो, ते गिऱ्हाईक आणखी पुढे देतं. गाडी चार हात फिरते आणि आरसीवर नाव पहिल्याच माणसाचं राहतं. आमची गाडी दोन हात फिरून शेजारच्या जिल्ह्यात एका प्रवासी वाहतूक करणाऱ्याकडे पोचली होती. हे आम्हाला पोलिसांकडून कळलं.

त्याआधी खुणा दिसत होत्या. सिग्नल तोडल्याची, वेग वाढवल्याची ई-चलानं आप्पांच्या मोबाइलवर येऊ लागली. फास्टॅग आप्पांच्या खात्याशी जोडलेला, म्हणून टोलचे पैसेही तिथूनच कापले जात होते. फोन केला की तो गोड बोलायचा, "आप्पा, एजंट आजारी आहे, चलान मी भरतो." एक-दोन भरलीही. मग नंबर बंद. मालकी बदलाचा अर्ज ऑनलाइन भरताना नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तसा एकही आप्पांना आला नव्हता. म्हणजे अर्ज केलाच गेला नव्हता.

आणि मग अपघात झाला. आमची जुनी डिझायर एका दुचाकीला धडकली. तो मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, मांडीचं हाड मोडलं, कारखान्यातली नोकरी गेली. गाडीचा विमा मधल्या काळात संपला होता आणि ज्यांच्या ताब्यात ती होती त्यांनी तो पुन्हा काढला नव्हता.

पोलिसांनी आप्पांना बोलावलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 खाली गाडी कोण चालवत होतं ते मालकाने सांगायचं असतं. तिथे आप्पांची एक सवय उपयोगी पडली. गाडी ताब्यात देताना त्यांनी पावती लिहून घेतली होती. त्यावर तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा, त्या माणसाची सही आणि आधारची झेरॉक्स. त्यामुळे चौकशी त्यांच्यापुरती तिथेच थांबली आणि गुन्हा चालकावर दाखल झाला.

नुकसानभरपाईचं मात्र तसं नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं समन्स आलं त्यात आप्पा प्रतिवादी, वाहनमालक म्हणून. आमची समजूत अशी की विक्रीची पावती आहे, बँकेची नोंद आहे, ती दाखवली की सुटलो. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 6 फेब्रुवारी 2018 चा निकाल पुढे ठेवला, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्या खटल्यातली गाडीही अशीच हातोहात विकली गेली होती, आरसी पहिल्याच माणसाच्या नावावर. उच्च न्यायालयाने शेवटच्या खरेदीदाराला जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. कायद्याच्या कलम 2(30) मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे तो, म्हणून भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची. जखमी माणसाने एका खरेदीदारामागून दुसरा शोधत फिरावं, हे न्यायालयाला मान्य नव्हतं.

हा निकाल आम्हाला जड जातोय, तरी मला तो चुकीचा वाटत नाही. त्या मुलाने कुणाला शोधायचं? त्याच्या आईला न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात त्याच्या कुबड्या धरून बसलेली पाहिली. तिच्याशी आमचं भांडण नाही. माझा राग सही केलेले कागद खिशात घालून नफा कमावणाऱ्या माणसावर आहे.

समन्स आलं तर घरी ठेवून देऊ नका. हजर राहिलं नाही तर एकतर्फी निवाडा होतो, आणि रक्कम भरली नाही तर कलम 174 प्रमाणे जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली निघू शकते. आम्ही दलालाला आणि गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याला प्रतिवादी करून घेण्यासाठी अर्ज दिला आहे. भरपाई आप्पांना भरावी लागली तर ती दलालाकडून वसूल करायला वेगळा दिवाणी दावा लावावा लागेल. दलालाविरुद्ध तक्रार द्यायला गेलो तेव्हा पहिलं उत्तर मिळालं, "हे दिवाणी प्रकरण आहे." असं झालं तर परत फिरू नका. लेखी तक्रार देऊन पोच घ्या. दाद लागली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांकडे जाता येतं, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. आमचा अर्ज अधीक्षकांकडे गेला तेव्हा कुठे जबाब नोंदवले गेले.

आता विकणाऱ्यांसाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. फॉर्म 29 म्हणजे विकणाऱ्याचीच सूचना. ती दाखल करणं घेणाऱ्यावर सोडायची गरज नाही, आपण स्वतः दाखल करून पोच घ्यायची. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय सही करायची नाही. समोरचा "नाव नंतर टाकतो" म्हणाला की व्यवहार तिथेच थांबवा, मग तो दहा हजार जास्त देत असला तरी.

थोडी रक्कम नाव चढेपर्यंत घेणाऱ्याने आपल्याकडे राखून ठेवायची पद्धत आहे. विकणाऱ्यालाही तसंच काही हवं असतं. दुसरी चावी आणि ठरलेली अनामत नाव बदलेपर्यंत आपल्याकडे ठेवा, आणि तसं करारात लिहा.

विमा हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. गाडी हस्तांतरित झाली तरी थर्ड पार्टी विमा कलम 157 मुळे नव्या मालकाकडे गेला असं मानलं जातं. म्हणजे पॉलिसी चालू असेल तर जखमीची भरपाई विमा कंपनीकडून मिळते. म्हणून गाडी विकली की लगेच पॉलिसी रद्द करू नका, आणि आरसीवर आपलं नाव आहे तोवर ती संपूही देऊ नका. 2022 च्या दरपत्रकाप्रमाणे हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता 3416 रुपये, वर जीएसटी. त्या मुलाचा दावा काही लाखांचा आहे.

दलालाला विकायचीच असेल तर तो आरटीओकडे अधिकृत आहे का ते विचारा. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अधिकृत डीलरला गाडी दिल्याची सूचना पोर्टलवर फॉर्म 29-सीने देता येते. ती दिली की तोच मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक, ठरतो आणि पुढच्या घटनांची जबाबदारी त्याच्यावर जाते. आमच्याकडे आलेल्यासारखे कितीतरी जण ही परवानगी न घेताच धंदा करतात, आणि म्हणूनच घरगुती गिऱ्हाईक बनून येतात.

फास्टॅग गाडी देतानाच काचेवरून काढा आणि बँकेला सांगून बंद करा.

गाडी आधीच विकून झाली असेल तर आज रात्री सरकारच्या एम-परिवहन ॲपमध्ये तिचा नंबर टाकून बघा. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण आपलं आहे की नाही ते कळतं. विम्याची मुदतही तिथेच दिसते. आपलंच नाव असेल तर घेणाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा, विक्रीच्या कागदांसह आरटीओत लेखी अर्ज द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.