दिवाळीनंतर थकवा घालवायला २८०० चा स्पा की ५० रुपयांची राणीबाग? दोन्हीचा रिव्ह्यू

भाऊबीजेच्या रात्री साडेअकराला शेवटच्या नणंदेची रिक्षा निघाली आणि मी ओट्याला टेकून उभी राहिले, तेव्हा कळलं की डाव्या खांद्यापासून मानेपर्यंत कोणीतरी वाळत घालायची दोरी ताणून बांधलीये. चार दिवसांत मी एकच वाक्य किती वेळा बोलले असेन, "चहा टाकू का?" आणि उलट बाजूने, "मीठ कुठेय", "चकलीची भाजणी कुठून आणली", "वायफायचा पासवर्ड काय". असो.

पाडव्याला ओवाळल्यावर नवऱ्याने ताटात पाकीट टाकलं होतं, त्यात साडीचे पैसे नाहीत तर स्पाचं गिफ्ट व्हाउचर, 'पोस्ट फेस्टिव्ह डिटॉक्स, ९० मिनिटं, २८०० रुपये'. मनात म्हटलं बाई गं, या पैशात काजूकतली किती आली असती, पण ऑफिसची सुट्टी शिल्लक होती आणि मान वळत नव्हती, म्हणून गेले. स्पाचं नाव लिहीत नाही कारण जिने मसाज केला त्या मुलीचा काडीचा दोष नाही, उगाच तिच्या नोकरीवर यायला नको.

तर आधी दोन पानी फॉर्म. झोप कशी लागते, पोट साफ होतं का, स्ट्रेस एक ते दहामध्ये किती. मग काचेच्या ग्लासात काकडी-पुदिन्याचं पाणी, म्हणजे आपली कोशिंबीर धुतल्यावर भांड्यात जे उरतं ते. खोलीत अंधार, एसी एवढा गार की अंगाला तेल लागलंय का बर्फ ते कळेना. आणि बासरी लावलेली, छान होती हो, पण ती कुठल्यातरी फुकटवाल्या अॅपवर असणार, कारण ऐन पाठीवर हात फिरत असताना बासरी थांबली आणि एक बाई मोठ्याने पर्सनल लोन घ्या म्हणाली. मी आणि ती मुलगी दोघी हसलो. खरं सांगायचं तर पूर्ण दीड तासातला सगळ्यात रिलॅक्स क्षण तोच.

हात मात्र सोन्याचा. खांद्यातली ती गाठ तिने अंगठ्याखाली धरली आणि दाबून ठेवली, रगडलं नाही, नुसतं धरून ठेवलं, आणि अर्ध्या मिनिटाने ती गाठ अशी सुटली जशी ओली गाठ नाडीची सुटते. पण दर पाच-सहा मिनिटांनी "प्रेशर ओके मॅम?" हे तिला शिकवलेलं असणार. मी मोजले, अकरा वेळा. प्रत्येक वेळी 'हो' म्हणायला मान उचलायची, म्हणजे झालं का! चार दिवस मी लोकांना विचारत होते, आता पैसे देऊन मला विचारत होते.

नंतर चपला घालत होते तेवढ्यात मॅनेजर टॅब घेऊन हजर, दहा सेशन २२०००, ऑफर फक्त आजच. व्हाउचर कोणाचं, ईएमआयमध्ये करायचं का, मिस्टरांना फोन लावू का. ९० मिनिटांतली फॉर्म, आंघोळ आणि हे पुराण वजा केलं तर मसाज जेमतेम तासभर. तेलाला आणि त्या मुलीला पाच स्टार, बाकी सगळ्याला एक.

दुसऱ्या दिवशी बुधवार, राणीबाग बुधवारी बंद, म्हणून गुरुवारी गेले. कोणाला सांगितलं नाही, घरी वाटलं ऑफिसला गेली. भायखळ्याला पूर्वेला उतरलं की चालत जाता येतं. मोठ्या माणसाचं तिकीट ५० रुपये, आणि आईवडील दोन मुलं अशा चौघांचं मिळून १००, पण मला चौघं नकोच होते. नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण रिक्षावाल्यापासून माझ्या सासूबाईंपर्यंत सगळे राणीबागच म्हणतात, १८६१-६२ पासूनची बाग आहे ही. पेंग्विनकडे गर्दी असते, तिकडे मी फिरकलेच नाही. ज्यांना डोकं शांत करायचंय त्यांनी जनावरं बघायला म्हणून जाऊच नये, झाडांसाठी जावं. गोरखचिंचेचं खोड बघा, आपली मावशी चार साड्या एकावर एक नेसून बसल्यासारखं. कैलासपतीला फळं फांदीला नाही, सरळ खोडावर लटकतात, तोफेचे गोळे असतात ना तशी, त्याखाली मात्र बसू नका.

एकच जनावर बघितलं, पाणघोडा. वीस मिनिटं उभी होते. काही करत नाही तो. पूर्ण पाण्याखाली, मग तीन-चार मिनिटांनी नाकपुड्या वर, एक मोठा फुस्स, परत खाली. स्पाच्या फॉर्मवर 'डीप ब्रीदिंग करता का' असं विचारलेलं, ते हे!

मग बाकावर बसले. शेजारच्या बाकावर एक आजोबा तोंडावर पेपर टाकून झोपलेले, माळी पाण्याचा पाइप ओढत गेला, मला पाय वर घ्या इतकंच म्हणाला. तासाभरात माझ्याशी बोललेला तो एकमेव माणूस. फोन पर्समध्ये तळाशी. फॅमिली ग्रुपवर अजून पणत्यांचे जीआयएफ चालूच होते, चालू देत.

निघताना बाजूच्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारातला दगडी हत्ती बघून या, हे माझ्याकडून एक्स्ट्रा. हा घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं तोच. १८६४ मध्ये इंग्रज याला उचलून विलायतेला न्यायला गेले, क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले, ते इथे आणून १९१४ मध्ये परत जोडले. सांधे नीट बघितले तर दिसतात. मी माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

संध्याकाळी घरी फराळाच्या डब्यांना हात लावला नाही. मऊ भात, मेतकूट, वरून तूप आणि लिंबाच्या लोणच्याची एक फोड. दिवाळीनंतर पोटाला यापेक्षा बरं काही नाही, डिटॉक्स ज्यूसवाल्यांनी कितीही सांगू दे. मेतकूट दादरला घेतलं तर वास घेऊन घ्या, हिंग आणि सुंठ आधी यायला हवी, नुसता भाजलेल्या डाळीचा वास आला तर ठेवा खाली.

जेवण झाल्यावर सासूबाईंनी काही न विचारता काशाची वाटी काढली. माझा पाय मांडीवर घेतला, मी "अहो आई, राहू द्या" म्हणाले तर ऐकूनच घेतलं नाही, बोटभर तूप तळव्याला आणि वाटी गोल गोल. आधी गुदगुल्या, मग टाचेपासून एक गरम गरम सुस्ती वर चढायला लागते. ही वाटी भांड्यांच्या दुकानात मिळते, घेताना वजनाला जड बघा आणि कड बोटाने तपासा, खरखरीत असेल तर घेऊ नका, तळवा सोलवटतो. दहा मिनिटांत तूप काळंकुट्ट झालं.

"बघ," आई म्हणाल्या, "किती उष्णता निघतेय अंगातली."

आता कासं म्हणजे तांबं आणि कथील, ते घासलं की तुपात काळं उतरतंच, उष्णता-बिष्णता काही नाही, हे मला शाळेपासून माहितीये. पण मी मान मागे टाकलेली होती, आणि ती मागे जात होती, म्हणून गप्प बसले.

"दुसरा पाय आण इकडे."