नववीची करिअर कल चाचणी : अहवालाला एक तारा, समुपदेशक बाईंना चार

बीड जिल्ह्यात नववीचा वर्गशिक्षक आहे. वर्गातल्या बहुतेकांचे आईवडील ऊसतोडीला जातात. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिली म्हणून एका कंपनीची ही चाचणी घेतली. डोकी अडीचशे रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण बाकीच्यांचं सामानही साधारण असंच असतं.

सुरुवात फॉर्मपासून. पालकांचा व्यवसाय : नोकरी, धंदा, शेती, इतर. झाडून सगळा वर्ग ‘इतर’मध्ये गेला. प्रश्नांची मराठी अशी, की प्रत्येक प्रश्नाला पोरं माझ्या तोंडाकडे बघायची. ‘आपणास त्रिमितीय रचनांचे मनोचित्रण करणे आवडते काय?’ यावर एकानं विचारलं, “सर, हो म्हणू का?”

अहवाल मात्र गुळगुळीत, रंगीत. एका पोराला मुकादम व्हायचंय. त्याला निघालं ‘मनुष्यबळ व्यवस्थापन’. वर्ग खो खो हसला, पण तसं चुकीचं काय आहे? उचल वाटायची, कोयते म्हणजे तोडणीची जोडपी जमवायची, टोळी कारखान्यावर न्यायची, हेच ते. तांड्यावर बोलेरो त्या एकाच माणसाची, मग पोरानं दुसरं कोण व्हावं! त्याच्यापुढं अहवालात खाजगी कॉलेजांची यादी. फी किती, हॉस्टेल कुठं, जात पडताळणीचे कागद कधीपासून जमवायचे, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा असतो, यातलं अक्षर नाही. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेत निघालेल्या पोरांना बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. घरी ‘आता बास’ म्हणायला लागले की तेवढाच आधार असतो. त्याचाही उल्लेख नाही.

पैसे वसूल झाले ते व्हिडिओ कॉलवर. समुपदेशक बाईंनी अहवाल बाजूला ठेवला आणि विचारलं, “तुम्हाला जे व्हायचंय, ते काम करणारं कुणी जवळून पाहिलंय का?” हात वर झाले ते पोलिस, नर्स आणि मास्तर एवढ्यांनाच. मग त्यावरच बोलल्या. शिपाई भरतीला बारावी पास लागतं, मुलींना उंची 155 सेंटिमीटर, धावणं 800 मीटर, मुलांना 1600. कॉल चालू असतानाच एक पोरगी उठली, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि मैत्रिणीला म्हणाली, “पट्टी आण.” दीड सेंटिमीटर कमी भरलं. बाई म्हणाल्या, अजून वय आहे. पोरगी काही बोलली नाही, पण चपला काढून परत मोजायला लावलं.

नर्स व्हायचं म्हणणाऱ्या मुलींना वाटत होतं दहावी झाली की झालं. एएनएम असो की जीएनएम, नर्सिंगच्या दोन्ही कोर्सना बारावी लागतेच, आणि जीएनएमची पुढं तीन वर्षं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. दहावीनंतर लग्नाची बोलणी निघतात अशा घरात ‘बारावी लागते’ हे वाक्य मुलीच्या फार कामाचं असतं. एकीनं ते वहीत लिहून घेतलं, बापाला दाखवायला.

कॉल अर्ध्या तासात तुटला, रेंज गेली. पुन्हा जोडून देऊ म्हणाले, अजून दिलेला नाही.

कुणी घेणार असेल तर कंपनीला सांगा, अहवाल नको, त्याच पैशात बाईंचे दोन तास द्या. आणि तारीख दसऱ्याच्या आतली धरा. टोळ्या हलल्या की आमचे निम्मे बाक रिकामे असतात.